जाण्याचा सराव

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातले घाऊक दुकानदार सहसा गादीवरून उठत नाहीत. पण काकांची हातगाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली की दोन-चार जण हमखास उठून बाहेर यायचे. सहा फुटांच्या वर उंची, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पांढऱ्या भुवया आणि डोक्यावर माझ्या आईने बांधून दिलेला पंचा. काका रिकामी खोकी मागायला यायचे. फुकटची वस्तू म्हणून मिळेल ते घ्यायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. प्रत्येक खोकं बोटाच्या पेराने वाजवायचे, कोपरा वाकवून बघायचे, कधी चक्क वास घ्यायचे आणि मग निकाल द्यायचे. "हा हसरा." किंवा, "हा रडका."

हसरा म्हणजे जाड, ताठ, ओल लागली तरी मान न टाकणारा पुठ्ठा. रडका म्हणजे घरोघरी ऑनलाइन सामान येतं त्या खोक्यांचा. रडकं खोकं ते हात जोडून दुकानदाराला परत करायचे. "लो, हमारा ही कचरा हमें लौटा रहे हैं," असं म्हणत दुकानदार हसायचे, आणि आत जाऊन बरं खोकं शोधून आणायचे.

काका फिनलंडचे. आयुष्यभर तिथल्या एका शाळेत सुतारकाम शिकवलं. निवृत्त झाल्यावर परदेशी खेड्यांत जाऊन, ज्या मुलांना आपलं आपण बसता येत नाही त्यांच्यासाठी टाकाऊ पुठ्ठ्याच्या खुर्च्या करायला शिकवायचं, हे काम त्यांनी धरलं. पगार नाही, फक्त राहण्या-जेवणाची सोय. शिवपुरी रस्त्यावर एका फाट्यावरून आत गेलं की एक गाव लागतं, तिथे आमची लहानशी संस्था काम करायची. काका तिथे दोन वर्षांसाठी आले आणि शिंदे की छावनीतल्या आमच्या घरी वरच्या खोलीत राहिले. मी संस्थेत नोकरीला होते. माझं काम म्हणजे काकांची जीभ होणं. ते इंग्रजीत बोलायचे, मी गावातल्या बायकांना हिंदीत सांगायचं, आणि त्यांचं म्हणणं परत काकांना.

पण घरी आईशी बोलायला त्यांना माझी गरज लागली नाही. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि काकांना थांबायचं नव्हतं, म्हणून ते सरळ मराठीच शिकले. आधी त्यांना वाटलं हीच इथली भाषा. गावात जाऊन पहिल्याच दिवशी त्यांनी बायकांना "बसा, बसा, हळू" म्हटलं, आणि बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. खुलासा झाल्यावरही ते बदलले नाहीत. म्हणाले, एका म्हाताऱ्या डोक्यात एवढंच मावतं. त्यांच्या मराठीत बायका, पुरुष, झाड, आगगाडी सगळेच 'तो' होते. त्यांच्या भाषेत म्हणे बाई आणि पुरुषाला एकच शब्द आहे. "आई कुठे गेला?" असं ते जिन्यातून ओरडून विचारायचे, आणि आई स्वयंपाकघरातून सांगायची, "इथेच आहे, भाजी चिरून राहिलाय."

माणूस भेटला की ते तोंडाकडे बघत नसत. आधी कंबर, मग गुडघे, मग पाठ. माझ्या मामाला पहिल्या भेटीतच म्हणाले, "तुम्ही उजव्या बाजूला सांडता." मामा महिनाभर आमच्याकडे फिरकला नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. "हा खुर्ची नाही. हा बादली." कुणाच्या लग्नाला गेले तर जेवण होईपर्यंत भिंतीला टेकून उभे. जानेवारीत सगळं ग्वाल्हेर शेकोटीला हात धरून बसलेलं असताना ते उघड्या अंगाने गच्चीवर फिरायचे, आणि शेजारच्या काकू आमच्या आईला विचारायच्या, "तुमच्या पाहुण्यांची तब्येत तर ठीक आहे ना?"

आणखी एक गोष्ट. ते आईकडे गप्प बसायला यायचे. संध्याकाळी खाली येऊन पाटावर बसायचे, आई निवडत-टिपत असायची, आणि तासभर दोघं एक शब्द बोलायचे नाहीत. मग ते उठून "छान बोललो" म्हणून वर जायचे. आईला या पाहुण्याचं फार कौतुक होतं. "आपल्या लोकांना गप्प बसता येत नाही गं," ती म्हणायची. "आले की कान खाऊन जातात. हे भाऊ बघ कसे!"

गावात त्यांचं नाव पडलं गत्तेवाले बाबा. गत्ता म्हणजे पुठ्ठा. पंचायतीचं एक जुनं गोदाम संस्थेला मिळालं होतं, तिथे पाच-सहा बायका जमायच्या. पुठ्ठ्याचे थर एकावर एक आडवे-उभे लावायचे, मध्ये मैद्याची खळ, वर दगडांचं वजन. वाळलं की लाकडासारखं होतं. मग करवतीने कापायचं, जोडायचं, वर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवायच्या, रंगवायचं. प्रत्येक खुर्ची एकाच मुलासाठी. दुसऱ्याला चालत नाही. कुणाची मान पडते, कुणाचे पाय कैचीसारखे अडकतात, कुणी एका बाजूला कलतं. जसं मूल, तशी खुर्ची.

त्या बायकांत रामसखी होती. तिशीची असेल. नवरा दगडाच्या खाणीत कामाला. तिची मुलगी सोना जन्मली तेव्हा रडली नाही, आणि पुढे मान धरली नाही, बसली नाही. सहा वर्षं ती पोर खाटेवर उताणी पडून होती. काकांनी तिच्यासाठी पहिली खुर्ची केली, तो दिवस मला नीट आठवतो. छातीला पट्टा, मानेला दोन्हीकडून आधार. सोनाला त्यात ठेवून खुर्ची दारात आणली. तिने आजवर फक्त छप्पर पाहिलं होतं. समोरून एक कोंबडी चालत गेली. सोनाने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि खळखळून हसली. रामसखीने पदर तोंडात कोंबला. काका मात्र खाली वाकून पोरीच्या टाचा नीट टेकल्यात का ते बघत होते.

तेव्हापासून रामसखी गोदामात यायला लागली ती रोज. तिचं आणि काकांचं पटायचं नाही. ती भराभर काम करणारी, आणि काका एकेक कोपरा चारदा फिरवून बघणारे. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "दीदी, बाबा से कहो, बच्चा बूढ़ा हो जाएगा तब बैठेगा का?" मी ते काकांना सांगायची. काका ऐकून घ्यायचे आणि तिने चिकटवलेला तुकडा उकलून परत तिच्या हातात द्यायचे.

असं पावणेदोन वर्षं चाललं. होळी झाली की काका परत जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. संक्रांत आली. आईच्या हातचा तिळगूळ घेऊन काका गावात गेले, सगळ्यांना वाटला, मग आपली हत्यारांची पेटी उचलली आणि रामसखीच्या पुढ्यात ठेवली. मराठीतच बोलले, मला सांगायला न लावता.

"आजपासून मी गेलो आहे."

बायका हसल्या. त्यांना वाटलं बाबांची नेहमीची गंमत. पण दुसऱ्या दिवशी काका नेहमीच्या बसने आले, गोदामात शिरलेच नाहीत. समोर कडुनिंब आहे, त्याखालच्या खाटेवर बसले. एका बाईने कापलेला तुकडा आणून दाखवला. ठीक आहे का? काकांनी तुकड्याकडे बघितलं, मग झाडाकडे बघितलं. "मी इथे नाही. मी गेलो आहे."

मी घाबरले. परतीच्या बसमध्ये विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, "सराव. मी होळीला जाणार. ते सगळे तेव्हा सुरू करतील तर मी बघायला नसेन. आता सुरू केलं तर मी बघेन."

"मग बघून चुकलं तर सांगणार ना?"

"गेलेला माणूस सांगत नाही."

आईला ते बोलणंच आवडलं नाही. "असं अशुभ बोलू नये, भाऊ. गेलो म्हणजे वेगळंच होतं. आपल्यात तर निघतानासुद्धा जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात."

काकांनी विचार केला. "पण मी येणार नाही. मग हा खोटं आहे."

"खोटं नाही हो. तशी रीत आहे."

"आमच्याकडे खोटं म्हणतात," काका म्हणाले आणि पोळी घेतली.

ते रोज जायचे. घरी बसले असते तरी चाललं असतं, पण नाही. त्यांना बघायचं होतं. समोर काम चुकताना दिसतंय आणि बोलायचं नाही, हे त्यांना सोपं नव्हतं. हात आपोआप पुढे व्हायचे, म्हणून ते हातांवर बसायचे. मांड्यांखाली दोन्ही तळवे. आणि तोंड उघडू नये म्हणून गजक. मुरैन्याचं गजक, म्हणजे तीळ-गुळाची कुरकुरीत वडी, हिवाळ्यात आमच्याकडे पोत्यांनी येतं. काका रोज एक पुडा घेऊन बसायचे, आणि आत कुणी खुर्चीचा पाय उलटा जोडायला लागलं की गजकाचा मोठा तुकडा तोंडात टाकायचे. बायकांच्या हे लक्षात आलं. काम करताना त्या खिडकीतून बाहेर बघायच्या. बाबा खूप चावतायत म्हणजे काहीतरी बिघडलंय. हेही काकांच्या लक्षात आलं, आणि मग ते झाडाकडे तोंड करून बसायला लागले.

माझीही पंचाईत झाली. जो माणूस बोलतच नाही त्याची जीभ होऊन मी काय करणार? पहिले काही दिवस मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसून होते. मग कंटाळून गोदामात जायला लागले. आणि तिथे मला कळलं की या बायका एकमेकींशी कामाबद्दल किती बोलतात. पावणेदोन वर्षं सगळं बोलणं माझ्यातून काकांकडे आणि काकांकडून माझ्यातून परत येत होतं. आता ते सरळ एकीकडून दुसरीकडे जात होतं. भांडणंही व्हायची. एकदा दोघींनी एक अख्खी पाठ दोन्हीकडून ओढून फाडली. काकांनी बाहेर ऐकलं, आणि डोळे मिटून घेतले.

टोपी बाजाराचंही त्यांनी तसंच केलं. रामसखीला माझ्याबरोबर पाठवलं, स्वतः दूर रसाच्या दुकानापाशी उभे राहिले. दुकानदारांना उंच परदेशी म्हाताऱ्याची गंमत वाटायची, खेड्यातल्या बाईची कशाला वाटेल? पहिल्याने न बघता सांगितलं, "आगे बढ़ो, अम्मा." रामसखी हलली नाही. म्हणाली, "भीख नहीं माँग रहे भैया, कचरा माँग रहे हैं. और कचरा भी अच्छा वाला." शेजारचा दुकानदार हसला, त्याने आतून खोकी आणवली. रामसखीने एकेक वाजवून बघितलं आणि दोन परत केली. मी वळून बघितलं तर काका रसाचा रिकामा पेला तोंडाला लावून उभे होते.

इथवर सगळं गमतीचंच होतं. मग सोनाची खुर्ची आली.

सोना वाढली होती. जुन्या खुर्चीत तिचे गुडघे वर यायला लागले. नवी करायला हवी होती, आणि रामसखीने ठरवलं, मीच करणार. आठवडाभर ती त्यावर लागली होती. खुर्ची दिसायला देखणी झाली, निळी रंगवलेली, पाठीवर पांढरी फुलं काढलेली. पण बैठक खोल झाली होती, पाठीपासून गुडघ्यापर्यंत लागते त्याहून लांब. मला कळलं नाही. काकांना कळलं. ते खाटेवरून अर्धे उठले आणि परत बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि धावत त्यांच्यापाशी गेले.

"काय चुकलंय? सांगा ना."

त्यांनी मान हलवली.

"काका, लहान मूल आहे ते. सांगा."

"मी गेलो आहे," ते म्हणाले.

रामसखीने खुर्ची गोदामाच्या दारात ठेवून सोनाला बसवलं. पट्टा बांधला. पोर हसत होती. सगळ्या बायका गोल करून उभ्या होत्या. मग सोनाने एक झटका दिला, तसे झटके तिला येतात, आणि ती पुढे घसरली. पट्टा गळ्याशी आला. रामसखीने घाईने तो सोडला, तशी पोर सरळ खाली, उंबऱ्यावर. हनुवटी फाटली. केवढं रक्त!

मी संस्थेची जीप बोलावली. तिला टाके घालून आणलं. परत आलो तेव्हा काका झाडाखालीच होते, उभे. रामसखीने लेकीला खाटेवर ठेवलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमको दिख रहा था," ती म्हणाली. "तुमको सब दिख रहा था, और तुम बैठे रहे. जाना है तो सच में जाओ. यहाँ बैठ के तमाशा मत देखो."

मी ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. काकांनी हात वर केला. कळलंय, नको सांगू.

त्या संध्याकाळी ते खाली आले, पाटावर बसले. आई निवडत होती. बराच वेळ झाला, मग ते बोलायला लागले. अडखळत, मराठीत, मध्येच माझ्याकडे बघून एखादा शब्द मागत. इथे येण्याच्या खूप आधी ते आफ्रिकेतल्या एका गावी असंच काम करत होते. तिथे ते शेवटच्या संध्याकाळपर्यंत राबले. जेवढ्या मुलांना होतील तेवढ्या खुर्च्या करून दिल्या. निघताना सगळं गाव नाचलं, रडलं. काही वर्षांनी ते न कळवता परत गेले. शेडमध्ये त्यांचा मोठा फोटो लावलेला होता, त्याला फुलांची माळ. फोटोवर धुळीचा कण नव्हता. कुणीतरी रोज पुसत असावं. आणि मागे, भिंतीशी, त्यांनी केलेल्या खुर्च्या. मोडलेल्या, आणि मुलांना लहान झालेल्या. एकही नवी नाही. मुलं परत चटईवर. त्यांनी विचारलं, तुम्ही का नाही केल्या? तर लोक म्हणाले, आम्हाला कुठे येतं? ते तुम्हालाच येतं.

"त्यांनी मला पुसलं," काका म्हणाले. "रोज."

आईने सूप बाजूला ठेवलं. "ते सगळं खरं, भाऊ. पण आज लेकरू पडलं ना."

"हो."

"मग तुमचं बरोबर कसं?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी सांगितलं असतं तर उद्या चूक. नाही सांगितलं तर आज चूक. मी मोजून बघितलं. बसत नाही."

आईने पान वाढलं. ते नको म्हणाले. "जेवून घ्या," आई म्हणाली, "गेलेल्या माणसाला भूक नसते. तुम्हाला आहे, मला दिसून राहिलं आहे." ते जेवले, पण थोडंच.

मला वाटलं आता ते गावात जाणार नाहीत. ते दुसऱ्या दिवशीच गेले. कुणी त्यांच्याशी बोललं नाही, खाटही कुणी टाकली नाही. ते झाडाखाली जमिनीवर बसले, हात मांड्यांखाली घेऊन. गजक आणलं नव्हतं.

रामसखीने निळी खुर्ची मोडली नाही. बरेच दिवस ती तिच्याभोवती फिरत होती. सोनाला मांडीवर घेऊन बसायची, तिच्या पाठीपासून गुडघ्यापर्यंत वीत टेकवून बघायची, मग खुर्चीत टेकवून बघायची. शेवटी तिने मागच्या बाजूने एक जाड थर आत बसवला, आणि दोन मांड्यांच्या मध्ये एक उंचवटा केला, घसरण थांबवायला. मग एका सकाळी ती खुर्ची, सोनासकट, बरोबर कडुनिंबासमोर आणून ठेवली. काकांकडे बघितलं नाही. काही विचारलं नाही. आत निघून गेली.

सोनाने झटका दिला. पोर जागची हलली नाही. हनुवटीला पट्टी, आणि नजर झाडावरच्या पोपटांवर. काका तिच्याकडे बघत राहिले, पहिल्यांदाच तिच्या टाचांकडे नाही, तर तोंडाकडे.

फाल्गुन लागला. एक दिवस शेजारच्या कुठल्याशा गावाहून एक बाई आली. कडेवर चार-पाच वर्षांचं लेकरू, मान तिच्या खांद्यावर टाकलेली. ती बरीच चालून आली असावी, पावलं धुळीने भरली होती. गोदामाच्या दारात येऊन तिने विचारलं, "गत्तेवाले बाबा यहीं मिलेंगे?"

काका दहा पावलांवर बसले होते. सहा फुटांचा गोरा माणूस, पण त्या बाईने झाडाकडे बघितलं नव्हतं. मी सांगायला वळले, तेवढ्यात रामसखी आतून आली. हाताला खळ लागलेली, ती पदराला पुसत.

"वे तो चले गए," ती म्हणाली. "हमसे कहो, का बात है."

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. विचारणाऱ्याला खरं ते सांगावं तसं तिने सांगितलं, आणि लेकराला आपल्या हातात घेतलं. त्याची मान तळव्यावर तोलून बघत ती आत गेली. बाई तिच्यामागे गेली.

मी काकांकडे बघितलं. ते उठले, हापशापाशी गेले, चष्मा काढून धुवायला लागले. किती वेळ धूत होते. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो बरोबर बोलला."

मी कंडक्टरकडून दोन तिकिटं घेतली.

"मला हेच पाहिजे होतं," ते म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाले, "मला माहीत नव्हतं असं लागेल."

संस्थेच्या साहेबांनी निरोप समारंभासाठी फूलबागेजवळ एक हॉल घेतला होता. शाल, श्रीफळ, भाषणं, आणि काकांचा मोठा फोटो असलेला फलक. काकांनी ऐकताच सांगितलं, फोटो नको. साहेबांना वाटलं विनय. काका म्हणाले, फोटो लागला तर मी उद्याच जाईन. शेवटी कार्यक्रम झालाच नाही, आणि साहेब नाराज झाले ते झाले. गावातल्या बायकांना निरोप द्यायला ते शेवटच्या दिवशीही नेहमीसारखेच गेले, झाडाखाली बसले, बसची वेळ झाल्यावर उठले. आत त्या नव्या लेकराच्या खुर्चीचं शेवटचं काम चाललं होतं. काकांनी खिडकीतून एकदा ती खुर्ची बघितली. मग "हळू" एवढंच म्हणाले, कुणाला ते कळलं नाही, आणि रस्त्याला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने ते दिल्लीला जाणार होते. स्टेशनवर आई आणि मी. सामान एक पिशवी आणि आईने दिलेला लाडवांचा डबा. काका पुन्हापुन्हा पुलाच्या जिन्याकडे बघत होते. आईने ते पाहिलं.

"त्या नाही यायच्या, भाऊ," आई म्हणाली. "आज त्या लेकराला खुर्चीत बसवायचं आहे ना."

"हो. काम आहे," काका म्हणाले. "बरोबर आहे." आणि तरी बघत राहिले.

गाडी आली. ते चढले, दारातच उभे राहिले. आईने डोळ्याला पदर लावला. त्यांनी हात हलवला नाही, नुसते बघत होते. गाडी सुटली. दोन डबे पुढे गेली असेल, आणि काका एकदम दांड्याला धरून बाहेर वाकले. दोन महिने दाबून ठेवलेला आवाज सगळ्या फलाटावर घुमला.

"डावा हात उंच आहे! खुर्चीचा डावा हात! त्याला सांगा!"

हमाल थांबले. एक चहावाला वळून बघायला लागला. "त्याला सांगा!" पुन्हा ऐकू आलं. मग काकांनी स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला, आणि डबा वळणाआड गेला.

आई आणि मी तशाच उभ्या होतो. घरी येताना रिक्षात आईने विचारलं, "सांगशील का?"

"काय माहीत," मी म्हटलं.

सोमवारी गावात गेले. ते नवं लेकरू खुर्चीत बसलं होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना बायका. खुर्चीचा डावा हात मी आधी बघितला. नव्याने कापलेला होता. करवतीची कड अजून रंगवायची राहिली होती.

रामसखी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "बाबा की गाड़ी बखत से गई?"

"गई."

"कुछ कह गए?"

मी म्हटलं, "हाँ. चलती गाड़ी से चिल्लाए. कि बायाँ हाथ ऊँचा है."

तिने माझ्याकडे बघितलं. मग त्या कापलेल्या हाताकडे बघितलं, आणि हसायला लागली. "वो तो हमने कल ही काट दिया," ती म्हणाली. "दो महीना मुँह में दही जमा के बैठे रहे. पेड़ देखते रहे. और जाते-जाते बोल ही गए! बोल ही गए, दीदी!" ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बाकीच्या बायकाही हसत होत्या. मग रामसखीचं हसणं थांबलं, पण खांदे हलायचे थांबले नाहीत. गुडघ्यांत तोंड घालून ती रडत होती, मोठ्याने, आणि सोना आपल्या निळ्या खुर्चीतून आईकडे टक लावून बघत होती.